आणीबाणीत महापालिकेला नेमके अधिकार किती? आधी सही कोणाची आणि कलम कोणतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात वर्तकनगर भागातल्या एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीचे सचिव विचारतात : "शेजारची जुनी इमारत अतिधोकादायक यादीत आहे. पाऊस फार वाढला तर तिथली कुटुंबं आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हलवावी लागतील, असा निरोप आला आहे. सभेत यावरून दोन तट पडले. काहींचं म्हणणं, आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली की ते वाटेल ते ताब्यात घेऊ शकतात. बाकीच्यांचं म्हणणं, मंत्रालयातून आदेश आल्याशिवाय महापालिका कशालाच हात लावू शकत नाही. खरं काय? ती कुटुंबं निघायलाच तयार नसतील तर? आणि कोविडसारखं पुन्हा उद्भवलं तर आमच्यावर नेमका कोणाचा हुकूम चालणार?"

सचिव साहेब, तुमचे दोन्ही तट चुकले आहेत. काही वर्षं एका महापालिकेच्या विधी विभागात काढली आणि त्यानंतर महापालिकांच्या विरुद्ध आणि कधी त्यांच्या बाजूनेही उभा राहिलो, त्या अनुभवावरून सांगतो. 'जाहीर केलं' या शब्दात फारसं काही नसतं. आदेशाच्या कागदावर खाली सही कोणाची आहे आणि वर कलम कोणतं लिहिलं आहे, सगळं त्यावर ठरतं.

आधी 'आणीबाणी'चा निकाल लावू. राज्यघटनेतली आणीबाणी म्हणजे अनुच्छेद ३५२, ३५६ आणि ३६०. ती राष्ट्रपतींच्या सहीने लागते. आयुक्तांचा तिथे काही संबंध नाही. हवामान खात्याचा रेड अलर्ट हा अंदाज आहे, हुकूम नाही. मोबाइलवर लाल रंग दिसला म्हणून कोणाला कोणाचं दार उघडायचा अधिकार मिळत नाही. न्यायालयंही हा शब्द सैल सोडत नाहीत. कोविडच्या पहिल्या लाटेत गुजरात सरकारने महामारीला कारखाने कायद्यातली 'सार्वजनिक आणीबाणी' मानून कामाचे तास वाढवले आणि जादा कामाचा दुप्पट दर काढून टाकला. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. महामारीने अर्थव्यवस्था कितीही गडगडली, तरी त्या कलमात जी आणीबाणी लिहिली आहे ती ही नव्हे, असा त्या निकालाचा सारांश. म्हणून कोणी 'आणीबाणी आहे' म्हणालं की पुढचा प्रश्न लगेच टाकायचा, कोणत्या कायद्यातली?

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. मुंबईचा १८८८ चा कायदा वेगळा. त्यामुळे मुंबईतल्या मेव्हण्याने त्याच्या सोसायटीचा अनुभव सांगितला तरी कलमांचे आकडे इथे जुळणार नाहीत. आपल्या कायद्यात एक कलम आहे, ६७ (३) (सी). नगरसेवक भाषणात फारसा त्याचा उल्लेख करत नाहीत, पण महापालिकेतल्या लेखा विभागात ते तोंडपाठ असतं. अचानक अपघात झाला किंवा अनपेक्षित प्रसंग ओढवला, किंवा ओढवण्याची भीती असली, आणि त्यात महापालिकेच्या मालमत्तेचं मोठं नुकसान किंवा माणसाच्या जिवाला धोका असला, तर आयुक्तांनी परिस्थितीला आवश्यक वाटेल ती कारवाई तिथल्या तिथे करावी, असं ते सांगतं. त्यासाठी कसलीही घोषणा लागत नाही. ना मंत्रालयाची, ना जिल्हाधिकाऱ्यांची. रात्री दोन वाजता नाल्याची संरक्षक भिंत कोसळली तर निविदा काढत बसायचं नाही, जेसीबी लावायचा. तुमच्या दुसऱ्या तटाचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

पण त्या कलमाचा उत्तरार्ध लोक विसरतात. कारवाई केली की तिची कारणं आणि अंदाजपत्रकात तरतूद नसलेला जो खर्च झाला तो, हे सगळं ताबडतोब स्थायी समितीला आणि महापालिकेला कळवायचं असतं. म्हणजे अधिकार आधी वापरा, हिशेब लगेच द्या. ही व्यवस्था लोकप्रतिनिधी सभागृहात बसलेले आहेत असं गृहीत धरून केलेली आहे. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं प्रशासक होते. त्या काळात आयुक्तांनी केलेल्या तातडीच्या खर्चाचा अहवाल आयुक्तांनीच प्रशासक म्हणून नजरेखालून घालायचा, असा प्रकार होता. कायद्याच्या चौकटीत बसणारा, पण मला कधीच न पटलेला.

आणि दुसरं, हे कलम आयुक्तांना काम करायला आणि खर्च करायला मुभा देतं. माझ्या मते त्याच्या जोरावर खासगी मालकीची जागा सक्तीने वापरायला घेता येत नाही. अनुच्छेद ३०० अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, आणि त्यासाठी नेमकं बोलणारं कलम लागतं. ते दुसऱ्या कायद्यात आहे.

तो म्हणजे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. गंमत अशी की, या कायद्यात शहराला दिलेली जागा बरीच खालची आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. कलम ३३ खाली जिल्हा प्राधिकरण स्थानिक संस्थेला उपाय करायला फर्मावू शकतं आणि ती संस्था ते करायला बांधील असते. कलम ३४ मध्ये खरे दात आहेत : वाहतूक रोखणं, बाधित भागात ये-जा बंद करणं, ढिगारा काढणं, निवारा आणि अन्न पुरवणं, सरकारी किंवा स्थानिक संस्थेकडची साधनं मोकळी करायला लावणं. 'येऊ घातलेली आपत्ती' एवढं त्याला पुरतं, दुर्घटना घडून जाण्याची वाट बघावी लागत नाही. स्थानिक संस्थेसाठी असलेलं कलम ४१ मात्र बहुतेक कर्तव्यांचं आहे : माणसं प्रशिक्षित ठेवा, साधनसामग्री तयार ठेवा, बांधकामं निकषांप्रमाणे होतात का बघा, जिल्हा आराखड्याप्रमाणे मदत आणि पुनर्वसन करा. एवढंच काय, निविदा टाळून तातडीची खरेदी करायची मुभा देणारं कलम ५० सुद्धा राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाचं समाधान मागतं. महापालिकेचं नाव त्यात नाही.

ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत आणि जिल्हाधिकारी एकच. पूर आला की ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, मीरा-भाईंदर, नवी मुंबई सगळीकडून एकाच कार्यालयात फोन. ही अडचण ओळखूनच २०२५ च्या दुरुस्तीने कलम ४१ अ आलं. महापालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकार अधिसूचना काढून नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करू शकतं. त्यात आयुक्त अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. खुर्च्यांची ही अदलाबदल दिसायला किरकोळ, पण शहरापुरती पायरी वर नेणारी. उद्या या प्राधिकरणाच्या नावाने आदेश हातात पडला तर तुमच्या शहरासाठीच्या अधिसूचनेचा क्रमांक त्यात आहे का, एवढं बघा. अधिसूचना नसेल तर नुसत्या लेटरहेडला अर्थ नाही.

आता तुमचा हॉल. सक्तीने जागा, वाहन किंवा साधनं घेण्याचं कलम ६५ आहे. राष्ट्रीय किंवा राज्य कार्यकारी समिती, जिल्हा प्राधिकरण, किंवा यांनी अधिकार दिलेला अधिकारी, एवढेच ते वापरू शकतात. आणि लेखी आदेशानेच. तोंडी निरोप, व्हॉट्सॲपवरचा संदेश, 'साहेबांनी सांगितलंय' यांतलं काहीही या कलमात बसत नाही. जागा हवी तेवढ्याच काळासाठी घ्यायची, पुढे ठेवायची नाही. कलम ६६ प्रमाणे भरपाई मिळते आणि ती जागेच्या भाड्यावर, भाडं नसेल तर त्या परिसरातल्या तशाच जागेच्या भाड्यावर ठरते. रक्कम पटली नाही तर तीस दिवसांत अर्ज करून ते प्रकरण लवादाकडे पाठवायला सांगता येतं. हे तीस दिवस लोक हमखास घालवतात, कारण कोणी सांगतच नाही.

आदेश हातात आला तर कसा वाचायचा ते सांगतो. सर्वात वर 'वाचा' किंवा 'संदर्भ' असतो, तिथे कायदे आणि आधीचे आदेश क्रमवार दिलेले असतात. मग 'ज्याअर्थी' ने सुरू होणारे परिच्छेद, ती कारणं. 'त्याअर्थी' च्या पुढे प्रत्यक्ष हुकूम. त्यात तुमच्या हॉलचं वर्णन, कधीपासून, कोणत्या कामासाठी, हे हवं. खाली जावक क्रमांक, तारीख आणि सही. सहीखालचं पदनाम शेवटपर्यंत वाचा. 'जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण' असेल तर विषय संपला, चावी द्या. सही सहायक आयुक्तांची असेल, तर त्यांना प्राधिकरणाने कोणत्या आदेशाने प्राधिकृत केलं त्याचा उल्लेख शोधा. महापालिका कायद्याच्या कलम ६९ खाली आयुक्त आपले अधिकार हाताखालच्या अधिकाऱ्याला लेखी देऊ शकतात, पण ते त्या कायद्यातले अधिकार. जिल्हा प्राधिकरणाचे अधिकार त्या वाटेने येत नाहीत. ही गल्लत मी फायलींमध्ये वारंवार बघितली आहे.

एक बारीक मुद्दा तुमचे वकील काढतील. कलम ६५ जागेबद्दल बोलताना 'बचावकार्यासाठी' असं म्हणतं, मग कुटुंबांना महिनाभर ठेवणं हे बचावकार्य आहे का? युक्तिवाद करता येईल. मी करणार नाही. पडायला आलेल्या इमारतीतून रात्री बाहेर काढलेल्या बायकापोरांना छप्पर देणं हे बचावाचंच काम, असं कोणतंही न्यायालय म्हणेल. शिवाय योग्य आदेश आल्यावर विनाकारण नकार दिला तर कलम ५१ आहे : एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि त्या नकारामुळे जीव गेला किंवा जिवाला तातडीचा धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत.

म्हणून माझा सल्ला असा की, सक्तीची वेळ येऊच देऊ नका. पाऊस सुरू होण्याआधी व्यवस्थापक समितीचा ठराव करा की, प्रभाग समितीने लेखी मागणी केल्यास हॉल संमतीने देऊ. अमुक दिवसांसाठी, वीज आणि पाण्याचं बिल महापालिकेचं, साफसफाई त्यांची, रात्रीचा सुरक्षारक्षक त्यांचा. ताबा देताना दोन पानी पंचनामा करा. पंखे किती, खुर्च्या किती, वीज मीटरचं रीडिंग, स्वच्छतागृहाच्या नळांची अवस्था, भिंतींचे फोटो. दोन्ही बाजूंच्या सह्या. नंतरचे निम्मे वाद नळ आणि पंख्यांवरून होतात, कायद्यावरून नाही.

कुटुंबं निघायला तयार नसतील तर काय, हा तुमच्या प्रश्नातला सर्वात जड भाग आहे. इथे महापालिकेचा अधिकार तिच्या स्वतःच्या कायद्यातला आहे आणि तो बारमाही आहे. कलम २६४ पडायला आलेल्या बांधकामाबद्दल आणि २६८ इमारत रिकामी करून घेण्याबद्दल. त्याच्या आधीची पायरी म्हणजे तीस वर्षांहून जुन्या इमारतींचं संरचनात्मक परीक्षण, कलम २६५ अ. त्यातून वर्ग ठरतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२ ब मध्ये लोक आत राहून दुरुस्ती होते आणि सी-३ किरकोळ. तुमच्या शेजारची इमारत यांपैकी कशात आहे ते नोटिशीवर लिहिलेलं असेल. नुसतं 'धोकादायक' म्हणून चालत नाही.

नोटीस गेली, मुदत संपली, लोक हलले नाहीत, तर वीज-पाणी तोडलं जातं आणि पोलीस बंदोबस्तात इमारत रिकामी केली जाते. आपल्याकडे ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ जीव गेले. ती बेकायदा आणि बांधकाम चालू असलेली इमारत होती, जुनी नव्हे. पण त्यानंतर ठाण्यातला कोणताही अधिकारी 'बघू, पाऊस ओसरू दे' असं लिहायला धजत नाही, आणि ते योग्यच आहे.

लोक का निघत नाहीत हे मात्र समजून घ्या. ते अडाणी किंवा हट्टी असतात म्हणून नाही. इमारत पडली की आपला हक्कही ढिगाऱ्यात जाईल, ही भीती असते. मालक आणि बिल्डर यांचं साटंलोटं असल्याचा संशय असतो, आणि तो दर वेळी खोटा निघतो असं नाही. म्हणून इमारत पाडण्याआधी प्रत्येक रहिवाशाच्या ताब्यातलं चटई क्षेत्र मोजून, नावानिशी यादी करून तिची प्रत त्याला देणं फार महत्त्वाचं ठरतं. पावसात छत्र्या धरून, बॅटरीच्या उजेडात खोल्या मोजणारे कनिष्ठ अभियंते मी पाहिले आहेत. एका आजोबांनी मोजमापाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या आत ठेवला आणि मगच ते जिना उतरले. शेजारच्या लोकांना समजवायला जाणार असाल तर 'जीव वाचवा' हे त्यांनी शंभरदा ऐकलेलं आहे. त्यांना मोजमापाची प्रत मिळवून द्या. भाडेकरू असतील तर भाडेपावत्या, वीजबिलं, मतदार ओळखपत्र एका फाइलीत घालून आधीच बाहेर काढून ठेवायला सांगा.

पोलिसांचा भाग थोडक्यात. जमावबंदीचा आदेश महापालिका आयुक्त काढत नाहीत. आपल्याकडे ठाणे आणि नवी मुंबई अशी दोन पोलीस आयुक्तालयं आहेत आणि जुन्या कलम १४४ चं, म्हणजे जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चं काम त्यांच्याकडे. असा आदेश दोन महिने टिकतो, पुढे वाढवायचा तर राज्य सरकार. लोकसेवकाचा आदेश मोडल्याचा गुन्हा पूर्वीच्या १८८ ऐवजी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली येतो, आणि न्यायालय त्याची दखल संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेतं. कोविडमधली कित्येक प्रकरणं याच तांत्रिक खडकावर आपटली.

कोविडचा प्रश्न विचारलात म्हणून जरा थांबतो, कारण इथे लोकांच्या मनात सर्वात जास्त गोंधळ आहे. २०२० च्या जुलैमध्ये ठाण्यात आणि नवी मुंबईत बाकी राज्याहून कडक टाळेबंदी लागली, ती आयुक्तांच्या सहीने. तेव्हापासून समज झाला की आयुक्त शहर बंद करू शकतात. पण तो अधिकार उसना होता. १८९७ च्या साथरोग अधिनियमाचं कलम २ राज्य सरकारला नियम करायचा आणि कोणालाही अधिकार बहाल करायचा हक्क देतं. मार्च २०२० मध्ये राज्याने कोविडचे नियम अधिसूचित केले आणि जिल्हाधिकारी, आयुक्त यांना त्यात अधिकार दिले. राज्याने परत घेतले की गेले. पुढच्या साथीत आयुक्तांच्या हातात काय असेल ते त्या वेळच्या अधिसूचनेवर ठरेल. महापालिका कायद्यात धोकादायक रोगांचं स्वतंत्र प्रकरण आहे, पण ते घर तपासणं, निर्जंतुक करणं, रुग्ण हलवणं अशा कामांपुरतं आहे. तेवढ्यावर शहर बंद होत नाही.

उसन्या अधिकारालाही कुंपण असतं, हे उच्च न्यायालयाने दोनदा दाखवून दिलं. मे २०२० मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. कोविड रुग्णांपुरतं ते चाललं, पण कोविड नसलेल्या रुग्णांचे दरही ठरवणं कायद्यात बसत नाही, असा निकाल नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. दुसरं प्रकरण तर आपल्या रोजच्या जगण्यातलं. लस न घेतलेल्यांना लोकलमध्ये बंदी होती, आठवत असेल. ठाणे, कळवा, मुंब्रा, वाशीच्या किती जणांनी त्यापायी रस्त्याने हाल काढले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बोट ठेवलं ते विज्ञानावर नाही, सहीवर. निर्णय राज्य कार्यकारी समितीने घ्यायचा होता आणि तो मुख्य सचिवांनी एकट्याने घेतला होता, ठरलेली कार्यपद्धती पाळली नव्हती. राज्याला ते आदेश मागे घ्यावे लागले. मुख्य सचिवांच्या सहीची ही गत, तर प्रभाग कार्यालयातल्या तोंडी निरोपाचं काय सांगावं! बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, एवढं साधं आहे हे.

आणि सोसायट्यांनी स्वतः काढलेले हुकूम? मोलकरणींना बंदी, भाडेकरूंना लिफ्ट बंद, कुरिअरवाल्याला गेटवर तासभर उभं करणं. यातल्या बहुतेकांना कायद्याचा काडीचा आधार नव्हता. सोसायटी ही प्राधिकरण नाही, हे तुमच्या समितीलाही एकदा ऐकवून ठेवा.

तुमच्या सभेत नवी मुंबईचं उदाहरण कोणी देईल म्हणून एक इशारा. तिथे ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी आहे. रासायनिक गळती झाली तर कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडा जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतो, कारखान्यावर नियंत्रण औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं, आणि महापालिकेचं अग्निशमन दल एमआयडीसीच्या दलाबरोबर मदतीला. दुसरं, खारघर किंवा कामोठ्याचा माणूस स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतो, पण त्याची महापालिका पनवेल आणि जिल्हाधिकारी रायगडचे, अलिबागला. पोलीस आयुक्तालय मात्र नवी मुंबईचंच. वाशीतल्या मित्राला आलेला शाळांच्या सुट्टीचा आदेश खारघरला लागू होत नाही, तो याच कारणाने.

आदेश चुकीचा वाटला तर जायचं कुठे? आपत्ती कायद्याखालचा असेल तर कलम ७१ दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद करतं, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयच उरतं. म्हणजे रिट याचिका, मुंबई, खर्च. महापालिका कायद्याखालची धोकादायक इमारतीची नोटीस असेल तर मार्ग वेगळे आहेत, पण स्थगिती मागताना तुमच्याकडे नामांकित संरचना अभियंत्याचा उलटा अहवाल हवा. नसेल तर न्यायाधीश नोटीस थांबवायचा धोका पत्करत नाहीत, आणि पावसाळ्यात तर नाहीच. अडवण्याआधी आदेश पाळा, 'हरकत राखून' असं पोचपावतीवर लिहा, आणि मग भांडा. हॉलची चावी देताना ते दोन शब्द लिहिले तर तुमचा भरपाईचा हक्क कोणी काढून घेत नाही.

ठरावाचा मसुदा करताना हॉलसाठीच्या दिवसांची मर्यादा पंधरा ठेवा आणि पुढे वाढवायची तर पुन्हा लेखी मागणी हवी असं लिहा. शेजारच्या इमारतीचा वर्ग कोणता, नोटिशीची तारीख काय आणि मोजमाप झालं का, या तिन्हीची माहिती प्रभाग समितीच्या कार्यालयातून मागवून ठरावाला जोडा.